माफ केलं, म्हणजे परत जायचं का?

"ताई, तक्रार मागे घेतली नाही तर मी ख्रिस्ती कसली?"

वसईकडची ही बाई. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) नवरा पिऊन मारायचा. शेवटी मनगट मोडलं तेव्हा तिने पोलिसांत तक्रार दिली आणि मुलांना घेऊन माहेर गाठलं. आता सासू फोनवर रोज ऐकवते, येशूने सात वेळा नाही, सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय.

ही ओळ इतक्या जणींना ऐकवली जाते की मी बायबल टेबलावरच ठेवते. मत्तयचा 18वा अध्याय उघडून तिला थोडं वरून वाचायला लावलं. भावाने अपराध केला तर एकांतात त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना कळव. क्षमेची ओळ त्यानंतर येते. "हे कुणी वाचूनच दाखवलं नाही," ती म्हणाली.

मग एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर, या येशूच्या शिकवणीचं काय? महायाजकासमोर शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा त्याने "मला का मारतोस?" असा जाब विचारला (योहान 18). हात मात्र उचलला नाही.

चर्च काय म्हणेल, ही भीती होतीच. कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायदासंहितेतलं कलम 1153 सांगतं की जोडीदारापासून जिवाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं. धोका तातडीचा असेल तर परवानगीसाठी थांबायचीही गरज नाही. हे तिने फादरांकडूनही खात्री करून घेतलं, बरं केलं.

बोलता बोलता कळलं, तिचे भाऊ पोरं जमवून नवऱ्याची हाडं मोडायला निघाले होते. हिने दारात आडवं उभं राहून त्यांना अडवलं. नवऱ्यासाठी ती रोज प्रार्थनाही करत होती. माझ्या मते येशूने सांगितलेली शत्रूवर प्रीती तिने तिथेच केली होती; मनगट पुन्हा मोडून घेणं त्यात बसत नाही.

पुढे तिने 2005च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळवला. नवरा व्यसनमुक्तीचे उपचार घेतोय. मुलांना तो रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) चर्चच्या आवारात, घरातलं मोठं माणूस हजर असताना भेटतो. वर्षभर दारू सुटली तर पुढचं बोलू, असं तिने त्याला सांगितलंय. सासूचे फोन चालूच आहेत. ही त्यांना मुलांची खुशाली सांगते आणि तक्रारीचा विषय निघाला की वकीलबाईंचा नंबर देते.