एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे खेळाडू राजकारणावर इतकं उघड कसं बोलू शकतात, आपले क्रिकेटपटू तसं का बोलत नाहीत, आणि अशा बोलण्याने खरंच काही फरक पडतो का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. हे खेळाडू एवढं बोलतात तर लीग त्यांना गप्प का करत नाही, आपले क्रिकेटपटू असं का बोलत नाहीत, आणि शेवटी हा सगळा देखावाच आहे का.

माझं मत आधी सांगतो. नुसत्या घोषणेने फारसं काही होत नाही. पण खेळाडूंनी एक ठरावीक मागणी घेऊन, ती पुरी करू शकणाऱ्या माणसाला त्याच्या अडचणीच्या वेळी गाठलं, तेव्हा काम झालं आहे. म्हणून टी-शर्टवर काय छापलंय ते नंतर बघा. आधी बघा की काय मागितलं, कुणाकडे मागितलं, आणि त्याने नाही म्हटलं असतं तर त्याचं काय गेलं असतं.

बोलण्याची ताकद कुठून आली हे समजायला १४ जानेवारी १९६४ च्या बोस्टनमध्ये जावं लागेल. ऑल-स्टार सामना, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांचा सामना होता आणि तो देशभर टीव्हीवर दिसणार होता. बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्गिन बेलर ही सगळी मंडळी ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिली. पेन्शनचा शब्द मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही, एवढीच त्यांची मागणी. लेकर्स संघाच्या मालकाने वेस्ट आणि बेलर या आपल्या दोन खेळाडूंना मुकाट्याने बाहेर या म्हणून निरोप धाडला, तरी ते हलले नाहीत. सामना सुरू व्हायला काही मिनिटं असताना लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि मग खेळ झाला. पुढे १९७० मध्ये रॉबर्टसन यांच्या नावाने लीगवर खटला भरला गेला, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि खेळाडूला जन्मभर एकाच मालकाशी बांधून ठेवणारी पद्धत मोडायला सुरुवात झाली.

आज खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार लीगच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंना जातो, आणि बहुतेक करारांतल्या पगाराची हमी असते. संघाने घरी पाठवलं तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. एका संघात नियमित करारावर १५ जणच असतात आणि तिकीट विकलं जातं ते त्यातल्या दोघातिघांच्या नावावर. अशा माणसाला गप्प करणं मालकालाच महाग पडतं.

भारतीय क्रिकेटमध्ये २०१९ मध्ये खेळाडूंची संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने मंडळाशी वाटाघाटी करणारं कुणी नाही. एकट्याने तोंड उघडायचं म्हणजे पोटावर पाय. त्यामुळे आपले खेळाडू भित्रे आहेत आणि तिकडचे शूर, असं मी म्हणणार नाही. पाठीशी कोण उभं आहे, हा खरा फरक आहे.

तिकडेही हे संरक्षण सगळ्यांना सारखं मिळत नाही. क्रेग हॉजेसने १९९० ते १९९२ सलग तीनदा तीन-पॉइंटची, म्हणजे लांबून बास्केट मारण्याची स्पर्धा जिंकली होती. १९९१ मध्ये त्याचा संघ शिकागो बुल्स विजेता झाला, तेव्हा व्हाइट हाउसच्या भेटीत त्याने कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवर लिहिलेलं पत्र थोरल्या बुश यांच्यासाठी दिलं. १९९२ मध्ये करार संपला, बुल्सने नवा दिला नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही संघाने त्याला साधं चाचणीलाही बोलावलं नाही. त्याने लीगवर खटला भरला, तो टिकला नाही. हमी असते ती करार चालू असेपर्यंत. तो संपल्यावर फोन न करण्याला कुठलाही कायदा अडवत नाही. दहाव्या-बाराव्या क्रमांकाच्या खेळाडूला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तुम्हाला बोलताना लेब्रॉन जेम्स आणि स्टीफन करी यांच्यासारखे तारे दिसतात, बाकावरचे फारसे दिसत नाहीत.

१९९६ मध्ये डेन्व्हर संघाच्या महमूद अब्दुल-रौफने राष्ट्रगीताला उभं राहायला नकार दिला. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहायचं हा लीगचा लेखी नियम आहे. लीगने त्याला एका सामन्यासाठी निलंबित केलं. मग तोडगा निघाला की उभं राहायचं, पण डोळे मिटून प्रार्थना करायला हरकत नाही. तो संघाचा सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता, तरी त्याच उन्हाळ्यात त्याची रवानगी सॅक्रामेंटोच्या संघात झाली. २०२० मध्ये वर्णद्वेषाच्या निषेधार्थ जवळजवळ सगळे खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसले तेव्हा नियम तोच होता, पण लीगचे प्रमुख, कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनी तो लागू केला नाही. एकटा माणूस आणि अख्खा संघ यांत केवढा फरक पडतो, ते या दोन प्रसंगांवरून कळतं.

२०२० बद्दल मात्र माझं मत सरसकट चांगलं नाही. करोनामुळे ३० पैकी २२ संघ ऑरलँडोजवळ डिस्नेच्या आवारात खेळत होते. जर्सीवर नावाच्या जागी संदेश लिहायची परवानगी मिळाली, पण लीग आणि संघटनेने ठरवून दिलेल्या २९ संदेशांतूनच निवडायचा. ज्याला मालकाची मंजुरी आहे, ज्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्याने कुणाचं काय अडणार? ‘समता’ या शब्दाला विरोध करणारा आमदार तुम्हाला सापडणार नाही, आणि त्या शब्दामुळे मत बदलणाराही सापडणार नाही.

२६ ऑगस्टला जे झालं ते वेगळं. तीन दिवसांपूर्वी विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावात पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पाठीमागून गोळ्या झाडल्या होत्या. मिलवॉकी बक्स हा त्याच राज्याचा संघ. ते प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या सामन्याला बाहेरच आले नाहीत. करारात संपबंदीचं कलम आहे, म्हणजे कागदावर हा करारभंग होता. खेळाडूंनी ड्रेसिंग रूममधूनच राज्याचे ॲटर्नी जनरल जॉश कॉल आणि लेफ्टनंट गव्हर्नर मँडेला बार्न्स यांना फोन लावला आणि कायद्याने काय करता येईल ते विचारलं. त्या दिवसाचे तिन्ही सामने पुढे ढकलले गेले आणि तीन दिवस लीग थांबली.

पदरात काय पडलं? विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरांनी पोलीस सुधारणांसाठी विशेष अधिवेशन बोलावलं होतं. बक्सने आपल्या निवेदनात विधिमंडळाला बैठक घ्या असं आवाहन केलं. रिपब्लिकन बहुमताने ते अधिवेशन काहीही न करता गुंडाळलं, कारण त्या आमदारांचं बक्सवाचून काही अडत नव्हतं. उलट जे मालकांच्या हातात होतं ते मिळालं. लीगशी समझोता झाला की ज्या संघांच्या मालकीची ॲरेना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम आहे तिथे मतदानाची सोय करायची. नोव्हेंबरच्या निवडणुकीत अनेक ॲरेना मतदान केंद्रं झाली. करोनाच्या काळात मोठी, हवेशीर, गाडी लावायला जागा असलेली इमारत मतदानाला मिळणं ही चैन नव्हती, गरज होती. २०२२ पासून राष्ट्रीय निवडणुकीच्या दिवशी लीग सामनेच ठेवत नाही, आणि आदल्या दिवशी तीसच्या तीस संघ खेळतात.

पण खेळाडूंनी राजकारण कसं करावं हे शिकायचं असेल तर मी महिलांच्या लीगकडे बोट दाखवेन. २०२० मध्ये डब्ल्यूएनबीएत कमाल पगार सव्वादोन लाख डॉलरच्या आत होता, म्हणजे पुरुषांच्या तुलनेत चिल्लर. अटलांटा ड्रीम संघाच्या सहमालक केली लेफलर या जॉर्जियातून सिनेटवर नेमलेल्या रिपब्लिकन सदस्य होत्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना निवडणूक लढवायची होती. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीला लीगने पाठिंबा देऊ नये असं पत्र त्यांनी कमिशनरना लिहिलं. खेळाडूंनी आधी त्यांना हटवा अशी मागणी केली. लीगने ते केलं नाही, आणि तेवढ्याने लेफलर यांनाच टीव्हीवर फुकट प्रसिद्धी मिळू लागली.

इथे त्या पोरींनी डोकं लावलं. लेफलर यांचं नाव घेणंच बंद केलं. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्यांपैकी डेमोक्रॅट उमेदवार रेव्हरंड राफेल वॉर्नॉक यांच्याशी व्हिडिओवर बोलून त्यांची मतं तपासली, आणि ४ ऑगस्टला देशभर दिसणाऱ्या सामन्याला ‘वॉर्नॉकना मत द्या’ असे काळे टी-शर्ट घालून आल्या. ड्रीमच्या, म्हणजे लेफलर यांच्या स्वतःच्या संघाच्या खेळाडूसुद्धा त्यात होत्या. जुलैअखेरच्या एका जनमत चाचणीत वॉर्नॉक ९ टक्क्यांवर होते. नोव्हेंबरमध्ये एकाच मतपत्रिकेवर सगळ्या पक्षांचे उमेदवार होते, त्यात ते जवळपास ३३ टक्के घेऊन पहिले आले. ५० टक्के कुणालाच न मिळाल्याने ५ जानेवारी २०२१ ला फेरलढत झाली आणि ते ५१ टक्क्यांनी जिंकले. त्याच दिवशी जॉर्जियाची दुसरीही जागा डेमोक्रॅट्सना मिळाली, आणि सिनेट ५०-५० होऊन बहुमत उपराष्ट्राध्यक्षांच्या मतावर आलं. फेब्रुवारीत ड्रीम संघ विकला गेला. नव्या मालकांत रेने माँटगोमेरी होती, जी आधी याच संघाकडून खेळली होती.

हे सगळं खेळाडूंमुळेच झालं म्हणणं खोटं ठरेल. रिपब्लिकन मतं लेफलर आणि त्याच पक्षाचे दुसरे उमेदवार डग कॉलिन्स यांच्यात फुटली, डेमोक्रॅट नेत्या स्टेसी अब्राम्स यांचं मतदार नोंदणीचं काम अनेक वर्षं चालू होतं, पक्षाची ताकदही वॉर्नॉक यांच्यामागे आली. पण विरोधी मतं अनेक उमेदवारांत विखुरलेली असताना, ऑगस्टमध्येच, देणगीदारांना एक नाव मिळालं, ते या टी-शर्टमुळे.

‘राजकारणामुळे एनबीए बुडाली’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेलच. २०२० च्या अंतिम मालिकेला २०१९ च्या साधारण निम्मेच प्रेक्षक मिळाले, हे खरं. पण ती मालिका जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात झाली, आणि त्या वर्षी आइस हॉकीसह बहुतेक खेळांचे आकडे कोसळले. २०२२ मध्ये प्रेक्षक १.२ कोटींच्या वर गेले. २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांनी ११ वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचा करार केला. बुडत्या धंद्यावर कुणी एवढा पैसा लावत नाही.

आणि या भांडणात मालकांचं राजकारण झाकलं जातं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. ऑरलँडो मॅजिकची मालकी डेव्हॉस कुटुंबाकडे आहे. बेट्सी डेव्हॉस ट्रंप यांच्या पहिल्या सरकारात शिक्षणमंत्री होत्या. २०२३ मध्ये या संघाने, कुणा व्यक्तीने नव्हे तर थेट संघाने, फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांच्या बाजूच्या सुपर पॅकला (प्रचारावर अमर्याद खर्च करू शकणाऱ्या गटाला) ५० हजार डॉलर दिले. खेळाडूंच्या संघटनेने जाहीर नापसंती दाखवली, पैसे तिथेच राहिले. डॅलस मॅव्हरिक्सचा मोठा हिस्सा २०२३ अखेर कसिनोच्या धंद्यातल्या मिरियम ॲडेल्सन यांच्या कुटुंबाने घेतला, आणि २०२४ मध्ये त्यांनी ट्रंप यांच्या बाजूने १० कोटींहून जास्त डॉलर ओतले. त्याच संघाचे जुने मालक मार्क क्यूबन कमला हॅरिस यांचा प्रचार करत होते. डेमोक्रॅट मालकही कमी नाहीत: बक्सचे माजी मालक हर्ब कोल २४ वर्षं सिनेटर होते.

मालकांचं सर्वांत मोठं राजकारण ॲरेनाच्या पैशात असतं. ओक्लाहोमा सिटीत १२ डिसेंबर २०२३ ला मतदान झालं. किमान ९० कोटी डॉलरचं ॲरेना, संघमालकांचा वाटा ५ कोटी, बाकीचा भार मुख्यतः ७२ महिने चालणाऱ्या एक टक्का विक्रीकरावर. आधीचा एक टक्क्याचा कर संपला की हा सुरू होणार, म्हणजे दर वाढल्यासारखा दिसत नाही. खरी मेख इथेच आहे. ७१ टक्के लोकांनी हो म्हटलं. सिॲटलच्या मतदारांनी २००६ मध्ये अशा सवलतींवर अंकुश ठेवणारा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला होता, आणि २००८ मध्ये त्यांचा संघ उचलून नेला तो याच ओक्लाहोमा सिटीला. तिथल्या मतदाराला ही आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. चाहत्याच्या प्रेमाला असं ओलीस धरणं मला कुठल्याही खेळाडूच्या भाषणापेक्षा जास्त राजकीय वाटतं.

लीगच्या धैर्याची मर्यादाही सांगायला हवी. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे आपल्याकडे त्याचं मोठं कौतुक झालं. त्याच दिवसांत ह्यूस्टन संघाचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं ट्वीट केलं. चीनच्या सरकारी वाहिनीने सामने दाखवणं बंद केलं, आणि नुकसान ४० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतं असं सिल्व्हर यांनी पुढे सांगितलं. मोरी यांच्या बोलण्याच्या हक्काला त्यांनी शेवटी पाठिंबा दिला, पण लीगचं पहिलं निवेदन लटपटतं होतं. लेब्रॉनने मोरी यांनाच पुरेशी माहिती नसल्याचं म्हटलं आणि बाकीचे बरेच जण मूग गिळून बसले. मी त्याचा चाहता आहे, तरी तिथे तो चुकला असंच माझं मत आहे.

मालकांच्या देणग्या स्वतः तपासायच्या असतील तर अमेरिकेच्या फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर देणगीदाराचं नाव आणि निवडणुकीची दोन वर्षं टाकून शोधा. सारख्या नावाची माणसं असतात, म्हणून शहर आणि ‘एम्प्लॉयर’चा रकाना ताडून बघा. पती किंवा पत्नीच्या नावानेही शोधा. मॅजिकसारखी देणगी व्यक्तींच्या यादीत सापडणार नाही. त्यासाठी ‘रिसीट्स’मध्ये संघाचं किंवा कंपनीचं नाव टाका. उमेदवाराला थेट द्यायच्या रकमेला मर्यादा असते, २०२३-२४ मध्ये ती दर निवडणुकीला ३,३०० डॉलर होती, त्यामुळे मोठे आकडे सुपर पॅकच्या नावापुढे दिसतील. राज्यपातळीवरचा पैसा इथे सापडत नाही. टेक्ससमध्ये कसिनोला परवानगी मिळवण्यासाठी ॲडेल्सन यांच्या बाजूने गेलेला पैसा बघायचा तर टेक्सस एथिक्स कमिशनच्या नोंदी उघडाव्या लागतील.