सॅक्रेवर जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

मंदिराच्या ट्रस्टने काउंटीच्या सॅक्रेसाठी, म्हणजे शाळांतल्या धर्मशिक्षणावर सल्ला देणाऱ्या समितीसाठी, तुझं नाव सुचवलं आणि पहिल्याच वर्षी धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम बदलायचं काम तुझ्या वाट्याला आलं, हे फार बरं झालं. एरवी त्या बैठका चहा-बिस्किटांवरच उरकतात.

आधी मतांचं गणित समजून घे. इंग्लंडमध्ये हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही. प्रत्येक स्थानिक काउन्सिल आपापला अभ्यासक्रम ठरवते आणि निदान पाच वर्षांतून एकदा तो तपासते. त्यासाठीच्या परिषदेत चार गट असतात: चर्च ऑफ इंग्लंड, शिक्षक, काउन्सिल, आणि बाकीचे ख्रिस्ती पंथ व इतर धर्म मिळून चौथा. एका गटाला एकच मत, आणि चारही गटांचं एकमत व्हावं लागतं. म्हणजे मेथडिस्ट, मुस्लिम, शीख, ज्यू आणि तू मिळून तुमचं मत एक! मानवतावाद्याला (धर्म न मानता माणुसकीची मूल्यं मानणाऱ्याला) या गटात नाकारणं चूक, असा केंट काउंटीविरुद्ध 2023 मध्ये कोर्टाचा निकाल लागला; त्यानंतर मानवतावादी सभासदही तुमच्याच गटात दिसेल. बिचकू नकोस, या सगळ्यांशी बैठकीआधीच बोलून ठेव. अभ्यासक्रमात ख्रिस्ती धर्माला मुख्य जागा आहे, ती 1996 च्या कायद्याने. त्यावर परिषदेत वाद घालण्यात अर्थ नाही, ते काउन्सिलच्या हातातच नाही.

मसुद्यावर लोकांचे अभिप्राय मागवले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तयार मजकूर फिरायला लागेल: ‘हिंदू धर्माला योग्य स्थान द्या.’ तो शंभर जणांनी पाठवला तरी अधिकारी अहवालात त्याची एक ओळ करतात. त्यापेक्षा दहा पालकांना मसुदा घेऊन बसव. पान कितवं, तिथे काय खटकतं आणि त्याजागी नेमकं काय हवं, ते वाक्य लिहून घे. ‘हिंदू शाकाहारी असतात’ असं छापलेलं असलं, तर रविवारी सुरमई तळणाऱ्या मालवणी घरातल्या पोराने वर्गात काय म्हणायचं? आमच्या मसुद्यात दिवाळी पहिलीत होती, तिसरीत होती आणि पाचवीतही. तिन्ही वेळा पणती रंगवायची आणि राम-सीतेच्या कागदी बाहुल्या कापायच्या. मी तिसरीतली दिवाळी काढून तिथे पंढरीची वारी सुचवली. शिक्षकांच्या गटाने लगेच उचलून धरली, कारण मी भर घालत नव्हते, अदलाबदल करत होते. त्यांना आठवड्याला जेमतेम तासभर मिळतो. नुसतं ‘हेही घ्या’ म्हणणाऱ्याला ते कंटाळलेले असतात.

आता जरा अवघड विषय. जातीचा उल्लेख काढून टाका, असं आपलीच काही मंडळी तुला सांगतील. मुलांची शाळेत चेष्टा होते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण उल्लेखच गाळला, तर बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्म का स्वीकारला, हे कुठल्या तोंडाने शिकवणार? ज्या इंग्लंडमध्ये ते शिकले, त्याच देशातल्या मुलांना बौद्ध धर्म म्हणजे तिबेट आणि श्रीलंका एवढंच कळतं. आपल्यातलीच कितीतरी बौद्ध कुटुंबं इथे राहतात. त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठ आणि तो परिच्छेद त्यांच्याकडूनच लिहून घे. ‘हिंदूंची प्रतिनिधी’ अशी पाटी तुझ्यासमोर असली, तरी सगळ्यांच्या वतीने तूच बोलायला हवंस असं नाही.

आणखी एक, अकॅडमी शाळांवर (सरकारी पैशावर, पण काउन्सिलच्या ताब्याबाहेर चालणाऱ्या) हा अभ्यासक्रम बंधनकारक नसतो आणि इथल्या बहुतेक माध्यमिक शाळा आता अकॅडमीच आहेत. तेव्हा खरा जोर प्राथमिकच्या पानांवर लाव.

मसुदा हाती आला की मलाही पाठव. तू मात्र आपली पानं शेवटी वाच. आधी इस्लाम आणि शीख धर्माची वाच, म्हणजे गटात बोलताना त्यांचंही काही मांडता येईल.

तुझी,
मावशी