नोकरी गेली, हप्ते थकले आणि घरात आजारपण आले, तर तगून कसे राहावे?

स्पष्टच सांगतो: तुमची मदत करायला कोणी येईल, या आशेवर बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या फेब्रुवारीत गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीत आमच्या दारात कामाविना उभ्या राहिलेल्या ट्रकच्या हौद्यात पावसाळ्यानंतर गवत उगवलेले मी पाहिले आहे.

त्या दिवसांत मी केलेली सर्वांत मोठी चूक म्हणजे बँकेचे फोन टाळणे. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्जखाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत (एनपीए), ठरते आणि मग बोलणी फार अवघड होतात. म्हणून पहिला हप्ता चुकण्याआधीच स्वतः जाऊन मुदत वाढवून मागा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एक कर्ज फेडण्यासाठी सावकाराचे दुसरे काढू नका. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची सजावट, नेहमीपेक्षा लहान बांधली तरी देव रागावत नाही, नातेवाईक मात्र बोलतील, त्यांना बोलू द्या. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही.

दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचे, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे, लोणचे मिळत असेल, तर ते बसून, पोटभर जेवा, कारण उपाशी माणसाचे निर्णय हमखास चुकतात. घरातल्यांपासून कर्जाचा आकडा लपवू नका. मी आठ महिने लपवला आणि पत्नीला तो वसुलीवाल्याकडून कळला, हे मला आजही सलते. जगणेच नकोसे वाटू लागले, तर त्याच रात्री 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर फोन करा, सकाळची वाट पाहू नका.