वाचकांचे प्रश्न : आतषबाजीचे फोटो

प्रश्न : आतषबाजीचे फोटो काढले की रंग उडतात आणि मध्ये पांढरा डाग राहतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असतो. आयएसओ ८००, ॲपर्चर एफ/४, शटर ४ सेकंद. शटर २ सेकंदांवर आणून पाहिलं, तरी डाग तसाच. चूक कुठे होते?

शटरच्या मागे लागलात, दोष मात्र ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक; एफचा आकडा मोठा, तर भोक लहान) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) यांच्यात आहे. आभाळात उडणारी ठिणगी सेन्सरच्या एका ठिपक्यावर क्षणभरच असते आणि लगेच पुढे सरकते. शटर २ सेकंद उघडं असो की ८, त्या ठिपक्यावर तिचा प्रकाश तेवढाच पडतो. म्हणून रेघ किती उजळ येणार हे ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटरच्या वेळेवर ठरतं ते वेगळंच : रेघ किती लांब, एका चौकटीत किती फुलं (आभाळात फुटून पसरणारे ठिणग्यांचे गुच्छ), आणि इमारती, झाडं, आभाळ अशा जागच्या जागी असलेल्या गोष्टी किती उजळ. एवढी विभागणी पक्की केलीत की बाकी सगळं सोपं होतं.

आयएसओ १०० आणि एफ/११ वर या. एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. आयएसओचे ३ स्टॉप आणि ॲपर्चरचे ३, म्हणजे नोंदला जाणारा प्रकाश ६४ पटींनी कमी. आकडा ऐकून धास्तावू नका, ठिणग्या खरंच तितक्या प्रखर असतात.

एफ/११ ही फक्त सुरुवात. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. हे एफ/८ ते एफ/११ मध्ये छान येतात. निळा सगळ्यांत मंद, त्याला एफ/८ च बरं. चंदेरी-पांढऱ्या ठिणग्यांत ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम जळत असतं, तिथे एफ/१६ लागतं. आणि सोनेरी झालर, जी फुटल्यावर सावकाश खाली ओघळते, ती कोळशाच्या ठिणग्यांची. ती मंद असते, म्हणून एफ/८ आणि ५-६ सेकंद द्या. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो) रेघा मऊ पडतात. प्रकाश आणखी कमी करायचा तर २ किंवा ३ स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा.

पहिल्या दोन-तीन फोटोंनंतर पडद्यावर फुलाचा गाभा मोठा करून पाहा. गाभ्यात रंग दिसला तर ठीक. पांढरा असेल तर ॲपर्चर आणखी एक स्टॉप बंद करा. फोटो ‘रॉ’मध्येच (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, प्रत्येक फोटोत रंगछटा बदलत राहते. ‘डेलाइट’वर ठेवून द्या.

प्रश्न : ऑटोफोकस पुढे-मागे फिरत राहतो आणि फूल निघून जातं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर फोकस ठेवला तरी फोटो पुसट आले.

बऱ्याच लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात, त्यामुळे खुणेवर विसंबू नका. कार्यक्रमाआधी दूरच्या एखाद्या दिव्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र १० पट मोठं करून हाताने फोकस करा. दिवा लहानात लहान ठिपका दिसला की तिथेच थांबा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. त्यानंतर झूम बदललंत तर फोकस पुन्हा तपासा. बहुतेक झूम लेन्समध्ये तो सरकतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताच्या थरथरीवरचा उपाय) बंद.

प्रश्न : शटर नेमकं कधी दाबायचं? माझी फुलं अर्धवटच येतात.

बल्ब मोड (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं राहतं) आणि रिमोट वापरा. शेल (आभाळात जाऊन फुटणारा गोळा) वर चढतानाची बारीक रेघ दिसली की शटर उघडा आणि शेवटच्या ठिणग्या विझू लागल्या की सोडा. साधारण २ ते ५ सेकंद होतात. आवाजाची वाट पाहू नका : १ किलोमीटरवरून तो तुमच्यापर्यंत यायला ३ सेकंद लागतात, तोवर फूल संपलेलं असतं.

लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन आधी बंद करा. ते चालू असलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेत बसतो आणि त्या अवधीत तुम्हाला काहीच टिपता येत नाही.

एका चौकटीत दोन-तीन फुलं हवी असतील तर शटर उघडंच ठेवून मधल्या वेळात लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा. लेन्सला तो लागू देऊ नका, कॅमेरा हलतो. तीनपेक्षा जास्त फुलं घेऊ नका, रेघांचा नुसता गुंता होतो.

प्रश्न : धुरामुळे शेवटचे सगळे फोटो वाया जातात. उपाय काय?

आधी वाऱ्याची दिशा पाहा, मगच जागा धरा. वारा तुमच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात असेल तर उत्तम, धूर चौकटीबाहेर निघून जातो. वारा पाठीमागून असला तर धूर फुलांच्या मागे साचतो आणि त्यांच्याच उजेडाने रंगतो. तेही चालतं, कधी कधी देखणंही दिसतं. समोरून येणारा वारा मात्र टाळा : धूर आणि राख दोन्ही तुमच्याकडे. वारा पडलेलाच असेल तर पहिली काही मिनिटं सोन्यासारखी माना आणि चौकट आधीच पक्की करून ठेवा. शेवटच्या भडिमारात एकाच वेळी खूप शेल फुटतात, शिवाय धूरही उजळतो. तेव्हा एफ/१६ आणि १ सेकंद. हा बदल भडिमार सुरू व्हायच्या आधी करायला हवा, नंतर वेळच मिळत नाही.

प्रश्न : मोबाइलवर हे जमेल का?

जमेल, पण मर्यादेत. बहुतेक मोबाइलचं ॲपर्चर एफ/१.८ च्या आसपास असतं आणि ते बदलता येत नाही, त्यामुळे रेघा पांढऱ्या पडणारच. प्रो मोडमध्ये आयएसओ ५०, शटर २ सेकंद, फोकस हाताने अनंतावर, मोबाइल ट्रायपॉडवर आणि लेन्सवर ४ स्टॉपचा क्लिप-ऑन एनडी फिल्टर. नाइट मोड बंद ठेवा; तो अनेक फोटो जोडून एक करतो, त्यात रेघा तुटू शकतात. फिल्टर नसेल तर चंदेरी फुलं सोडा आणि सोनेरी झालरीची वाट पाहा.