जॉर्ज फर्नांडिस मंत्री झाल्यावर कामगारांना विसरले का?

नाही, विसरले नाहीत. युनियनचा पुढारी मंत्री झाला की विकला जातो, असं तुम्ही प्रश्नात गृहीतच धरलंय. हेच वाक्य मी आमच्या घरात १९७४ पासून ऐकत आलेय, म्हणून लिहायला बसले. आणि ते म्हणणाऱ्याने स्वतः कधी एका दिवसाचा पगारही सोडलेला नसतो.

माझे वडील, अण्णा, बडोद्याला रेल्वेत फिटर. राहायला आम्ही प्रतापनगरला. ८ मे १९७४ ला रेल्वेचा संप सुरू झाला, सुमारे १७ लाख कामगारांचा. संपाचे पुढारी जॉर्ज, त्यांना त्याआधीच, २ मेला, लखनौला पकडलं होतं. पोलीस घरोघर जाऊन माणसं कामावर नेत होते, म्हणून अण्णा मांडवीजवळ एका नातेवाइकांच्या माडीवर जाऊन राहिले. आई मला बरोबर घेऊन डबा पोचवायची. पिशवीत तळाला डबा, वर कैऱ्या. कोणी हटकलंच तर सांगायचं, लोणच्याच्या कैऱ्या मावशीकडे द्यायला चाललोय.

त्यातच एका दुपारी धाकट्या काकांनी दांडिया बाजारातल्या घरी जेवायला बोलावलं. काका बँकेत. पानात रस वाढलेला, आणि सगळ्यांदेखत ते आईला म्हणाले, "वहिनी, पुढारी आत बसून आयतं जेवतोय, उद्या मंत्रीही होईल. आमचा दादा काय होणार ते विचारा त्याला." आईने रसाची वाटी तशीच बाजूला सारली, मला उठवलं आणि भर उन्हात आम्ही चालत घरी आलो. ज्या काकांना बँकेत बोनस मिळत होता ते हे बोलत होते, आणि अण्णांच्या संपाची एक मोठी मागणी बोनसचीच होती!

२७ मेला संप मागे घेतला गेला. हाती काहीच लागलं नाही आणि काकांना बळ आलं. पुढे आणीबाणी, आमच्या गावाच्या नावाने गाजलेला बडोदा डायनामाइट खटला (सरकारविरुद्ध स्फोटांचा कट केल्याचा जॉर्जवर आरोप), आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरची निवडणूक तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकून जॉर्ज मोरारजी देसाईंच्या जनता सरकारात खरोखरच मंत्री झाले. खटला मागे घेतला गेला. काका म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?"

पण त्याच सरकारात मधू दंडवते रेल्वेमंत्री होते आणि संपात काढून टाकलेल्यांना परत कामावर घेतलं गेलं, हे काका कधी बोलत नाहीत. आमच्या ओळीतले एक फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, पुन्हा ड्युटीवर निघाले त्या सकाळी त्यांच्या बायकोने घरोघर पेढे दिले. आईच्या हातात पेढा ठेवताना तिला बोलताच येईना. १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना बोनसही लागू झाला. हे सगळं एकट्या जॉर्जनी केलं असं मी म्हणत नाही. पण ती मागणी देशभर कोणी नेऊन पोचवली होती?

रेल्वेमंत्री ते १९८९ ला झाले, वर्षभरच. कोकण रेल्वेच्या कामाला खरी गती तेव्हाच मिळाली. संरक्षणमंत्री असताना सियाचेनला जवानांना भेटायला वारंवार गेले. खुर्चीवर बसून राहणारा माणूस नव्हता तो.

सगळंच पटतं असं नाही. जुलै १९७९ मध्ये लोकसभेत मोरारजींच्या सरकारची बाजू जोरात मांडली आणि काही दिवसांतच राजीनामा दिला, ते मला आवडलं नाही. २००२ च्या दंगलींवर लोकसभेत जे बोलले ते तर गुजरातेत राहून मला आजही सहन होत नाही. त्याबद्दल त्यांना हवं तेवढं बोला.

त्यांच्या आयुष्याबद्दल वाचणार असाल तर मंत्रिपदापासून सुरुवात करू नका. मुंबईत टॅक्सीवाल्यांच्या आणि महापालिका कामगारांच्या युनियनमधून वर आलेल्या या माणसाने १९६७ मध्ये काँग्रेसच्या बलाढ्य स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत हरवलं, तिथून वाचा. आणि कामगारांना विसरले म्हणायचंच असेल, तर १९७७ मध्ये कामावर परतलेल्या एखाद्या रेल्वेवाल्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर म्हणा. काकांना मी हे कितीदा तरी सुचवलंय, अजून गेलेले नाहीत.