ट्रकचा पाच गिअरचा बॉक्स काढून सहाचा बसवलाय, जुना गिअर लिव्हर जुळत नाही. लिव्हर वाकवून भागेल का?

भागतं की. मिस्त्री हेच सांगणार, कारण त्याच्याजवळ गॅस असतो, लेथ नसतो. लिव्हर तापवला, वाकवला, उभ्या गाडीत सगळे गिअर पडले की तो हात पुसतो आणि चहा सांगतो. गाडी भरून उताराला लागते तेव्हा तो बरोबर नसतो.

माझं लेथचं काम आहे, कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. प्रश्न वाचला आणि दाजींची गाडी आठवली, म्हणून लिहितोय. प्रोपेलर शाफ्टची लांबी, क्लच प्लेटचे तासे, बेल हाउसिंग हे सगळं तुम्ही जुळवलं असणार, त्यात शिरत नाही.

दाजींची गाडी सीझनला ऊस ओढते आणि एरवी माल घेऊन कोकणात उतरते. जुना बॉक्स आवाज करायला लागला म्हणून त्यांनी दुसऱ्या गाडीचा सहाचा बॉक्स आणला. बॉक्स चांगला होता, हे आधीच सांगतो. जुन्याचा लिव्हर सरळ टॉपमधनं वर यायचा, नव्याचा सिलेक्टर, म्हणजे बॉक्समधला गिअर निवडणारा भाग, बाजूला. हायवेकडच्या एका गॅरेजवाल्याने चेसीला पट्टी वेल्ड केली, तिच्यावर जुना लिव्हर कापून बसवला आणि तिथनं बॉक्सपर्यंत एक भरीव सळई नेली. दिसायला झकास. रंगसुद्धा मारून दिला.

गाडी करूळ घाट उतरताना तिसरा गिअर सुटला. भरलेली गाडी, इंजिन ब्रेक (गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीला रोखून धरतं तो) गेला आणि सगळा भार चाकाच्या ब्रेकवर. मामांनी, म्हणजे जुन्या ड्रायव्हरनी, गाडी सांभाळली. परत चढताना मात्र तोच तिसरा गिअर गगनबावड्यापर्यंत हलला नाही. पुढच्या फेरीला उतारावर पुन्हा तेच. मग मामांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, एक टोक सीटच्या पायाला, एक लिव्हरला. तिसरा टाकला की पट्टी अडकवायची, गिअर बदलायचा तर आधी सोडायची. घाटात, एका हाताने. दाजींनी ती पट्टी बघितली आणि निकाल दिला: "मामांचा हात आता चालत नाही."

मी म्हटलं, दाजी, हात चालत नसता तर चढाला पण सुटला असता. पण पाहुण्याचं कोण ऐकतंय.

गाडी दुकानासमोर आणायला लावली. तिसरा टाकला, गाडीखाली गेलो, बॉक्सच्या आर्मजवळची (आर्म म्हणजे सिलेक्टर हलवणारा बाहेरचा दांडा) स्प्लिट पिन काढून सळई सोडवली. आर्मच्या जागेवर खडूने खूण केली आणि पान्याने आर्म त्याच दिशेला दाबला. तो आणखी सरकला आणि टक करून बसला. परत खूण केली. दोन खुणांत एक बोट अंतर! म्हणजे तिसरा गिअर कधी पूर्ण पडतच नव्हता, दात अर्ध्यावर धरत होते. मग वर केबिनमध्ये बघितलं. लिव्हर जिथनं वर येतो त्या भोकाची पुढची कड घासून चकचकीत झाली होती. लिव्हर पत्र्याला अडत होता आणि ड्रायव्हरला वाटायचं गिअर बसला. तुम्ही पहिल्यांदा हेच तपासा. लिव्हर थांबायला पाहिजे तो बॉक्सच्या आतल्या थांब्यावर. पत्र्यावर, सीटवर किंवा डॅशबोर्डवर थांबला तर कितीही भारी वेल्डिंग केलेलं असू दे, काम फुकट.

आता उतारालाच का? इंजिन फाउंडेशनच्या रबरावर बसलेलं असतं. जोर लावला की ते एका बाजूला पीळ खातं, इंजिन ब्रेकला उलट्या बाजूला, आणि त्याला जोडलेला बॉक्सही तसाच हलतो. चेसीवरची पट्टी जागची हलत नाही. मग मधली सळई आर्मला ओढते किंवा ढकलते. दाजींच्या गाडीत ही ओढ चढाला गिअर आत दाबायची आणि उताराला बाहेर काढायची. आधीच अर्धा पडलेला गिअर, त्याला तेवढा धक्का पुरतो.

मी पट्टी कापून काढली आणि ब्रॅकेट बॉक्सच्याच बॉडीवर घेतला, तिथलेच बोल्ट लांब घालून. लिव्हर आणि बॉक्स एकत्र हलले की भांडण मिटलं. आडवी हालचाल उलटी येत होती (पहिल्याच्या जागी पाचवा), म्हणून मध्ये बेल क्रँक, म्हणजे हालचालीची दिशा बदलणारा कोनातला तुकडा, घातला. भरीव सळईऐवजी सीमलेस पाइप, टोकांना बॉल जॉइंट, पिव्हटला (लिव्हर ज्यावर झुलतो तिथं) गनमेटलचा बुश आणि ग्रीस निपल. प्रत्येक सांध्यात थोडा थोडा ढिलेपणा असतो, तो सगळा मिळून लिव्हरच्या मुठीवर येतो, म्हणून सांधे जितके कमी तितकं बरं. पत्र्याचं भोक वाढवून वर रेक्झीनचा बूट घातला. ह्यातलं काहीही उद्यमनगरात अवघड नाही. ज्या गल्लीत ऑइल इंजिन आख्खं तयार व्हायचं, तिथं गिअरच्या दांड्याचं काय.

मापाचं एक उदाहरण देतो. समजा न्यूट्रलपासून गिअर पूर्ण पडायला आर्मजवळ ३० मिमी हालचाल लागते. लिव्हर पिव्हटच्या वर ५०० मिमी आणि खाली १०० मिमी असेल, तर मूठ १५० मिमी सरकणार. केबिनमध्ये १२० मिमीच जागा असेल तर खालचा भाग १२५ मिमी करा, मूठ १२० मध्ये काम करते. ताकद मात्र सव्वापट लागते. वरून लिव्हर नुसता लांबवला तर हलका लागतो पण जागा जास्त खातो, आणि मग लोक म्हणतात गिअर पडत नाही. आधी मोजा, मग कापा.

दाजींचं काय झालं ते सांगतो. मी काम केलं त्याच आठवड्यात त्यांनी मामांना काढून नवीन पोरगा ठेवला. गिअर सुटायचा बंद झाला. आता दर लग्नाकार्यात दाजी सांगतात, "ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली बघा." मामा दुधाच्या टँकरवर लागले, त्यांचं चांगलं चाललंय. पण तुम्हाला कोणी सांगितलं की गिअर सुटतोय म्हणजे ड्रायव्हरचा हात वाईट, तर आधी त्याला गाडीखाली झोपवा आणि हातात खडू द्या.

राहिलेलं पटकन सांगतो. वाकवायला माझा विरोध नाही, शेवटी मी पण लिव्हर थोडा वाकवलाच. फक्त वरच्या सरळ दांड्यात वाकवा, लिव्हर ज्यावर फिरतो त्या बॉलजवळ गॅस नेऊ नका. सहाच्या बॉक्सला रिव्हर्स कुठं आहे ते बघून त्याला अडवणारी स्प्रिंग जागेवर आहे ना ते तपासा, आणि गिअरचा नवा नकाशा ड्रायव्हरसमोर चिकटवा. केबिन पुढं कलणारी असेल तर माझा उपाय तुमच्या कामाचा नाही, तिथं केबल किंवा कंपनीचा सरकता रॉडच घ्या. आर्म पूर्ण बसतोय, कुठं अडत नाही, तरी गिअर सुटतोय, तर मग दात झिजलेत, बॉक्स उघडा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, तेव्हा पासिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या. दाजींनी विचारलं नव्हतं.

तुमच्या बॉक्सचा सिलेक्टर टॉपला आहे की बाजूला, हे प्रश्नात नाही. बाजूला असेल तर डावीकडं की उजवीकडं ते लिहा, बेल क्रँक लागेल की नाही ते त्यावरनं सांगतो.