ग्रामस्थ नाहीत, तरी मेयर आहे

प्रश्न : फ्रान्समध्ये एकही माणूस राहत नाही अशा गावांनाही मेयर असतो, असे वाचनात आले. हे खरे आहे का? मतदारच नसतील तर त्याला निवडतो कोण, आणि त्याला काम तरी काय असते?
— एक वाचक, वाई

उत्तर : हे खरे आहे, आणि अशी गावे एक-दोन नव्हे, तर सहा आहेत. ती सर्व ईशान्य फ्रान्समध्ये, व्हर्दून शहराच्या परिसरात आहेत.

त्यांपैकी फ्लरी हे गाव पाहू. 1913 मध्ये तेथे 422 लोक राहत होते. 21 फेब्रुवारी 1916 रोजी पहिल्या महायुद्धातील व्हर्दूनच्या लढाईला तोंड फुटले, गावकऱ्यांना घरेदारे सोडून निघावे लागले, आणि पुढे जून ते ऑगस्ट या काळात हे गाव फ्रेंच आणि जर्मन सैन्यांमध्ये 16 वेळा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले. अखेरीस तेथे भिंत म्हणावी अशी एकही भिंत उरली नाही. युद्धानंतरही गावकऱ्यांना परतता आले नाही, कारण न फुटलेले तोफगोळे, विषारी द्रव्ये आणि हजारो सैनिकांचे अवशेष पोटात असलेली ती जमीन सरकारने वस्तीस व शेतीस अयोग्य ठरवली आणि पुढे तेथे जंगल लावले.

आपल्याकडील महसुली भाषेत गाव बेचिराग, म्हणजे वस्ती न उरलेले, झाले होते. ते शेजारच्या गावात विलीन करून टाकणे प्रशासनाला सोयीचे होते. फ्रान्सने मात्र नेमके तेच टाळले. देशासाठी वीरमरण आलेल्या सैनिकाला जो सन्मान दिला जातो, तोच या गावांना देण्यात आला आणि 1919 च्या कायद्याने त्यांचे स्वतंत्र अस्तित्व कायम ठेवले. निवडणूक शक्य नसल्याने जिल्ह्याचा प्रीफे, म्हणजे साधारण आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, तीन सदस्यांची समिती नेमतो आणि तिच्या अध्यक्षाकडे मेयरचे अधिकार असतात. हे काम बहुधा जुन्या गावकऱ्यांचे वंशज सांभाळतात.

काम नाममात्र आहे, असे मात्र समजू नये. स्मारकाची व पायवाटांची देखभाल करणे, वार्षिक स्मरणसोहळा भरवणे आणि विखुरलेल्या कुटुंबांशी संपर्क ठेवणे ही जबाबदारी त्याच्यावर असते. फ्लरीत आज गवताने झाकलेले तोफगोळ्यांचे खड्डे आहेत, त्यांमधून जुन्या रस्त्यांच्या जागी वाटा आखल्या आहेत, आणि शाळा कोठे होती, पाववाल्याचे दुकान कोठे होते, हे सांगणाऱ्या खुणा उभ्या केल्या आहेत. गावाच्या रेल्वे स्थानकाच्या जागी 1967 मध्ये युद्धसंग्रहालय उघडले. जमीन अजूनही जुना हिशेब बाहेर काढते : 2013 मध्ये येथेच 26 फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले आणि त्यांतील काहींची ओळखही पटली.

मुळात उद्ध्वस्त झालेली गावे नऊ होती. त्यांपैकी वो, दुओमाँ आणि ओर्न येथे पुढे थोडी वस्ती झाली, त्यामुळे तेथे नेमणूक न होता रीतसर मतदान होते. वो आणि दुओमाँ ही गावे तर 2019 मध्ये एकत्रही झाली.